बोगद्याला पैसा, रुळांना तारीख

बंगळूरच्या उपनगरी रेल्वेची पायाभरणी २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. चाळीस वर्षे रखडलेले काम आपण चाळीस महिन्यांत करून दाखवू, अशी ग्वाही त्या प्रसंगी देण्यात आली. ते चाळीस महिने ऑक्टोबर २०२५ मध्ये भरले. त्या दिवशी नियोजित १४८ किलोमीटरपैकी एका किलोमीटरवरही प्रवासी गाडी धावत नव्हती. चार मार्गांना संपिगे, मल्लिगे, पारिजात आणि कनक अशी फुलांची नावे मात्र वेळेवर देऊन झाली होती.

त्याच काळात त्याच शहरात दुसऱ्या एका कामाची घाई डोळ्यांत भरण्याजोगी होती. उत्तरेकडील हेब्बाळपासून दक्षिणेकडील सिल्क बोर्ड चौकापर्यंत, जमिनीखालून, सुमारे पावणेसतरा किलोमीटरचा मोटाररस्ता खणण्याची योजना कर्नाटक सरकारने पुढे आणली. तिचा अंदाजी खर्च सुमारे १७ हजार ७०० कोटी रुपये. उपनगरी रेल्वेला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये मंजुरी दिली, तेव्हा तिच्या चारही मार्गांचा मिळून खर्च १५ हजार ७६७ कोटी धरला होता. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत आणि रेल्वेचा खर्च आता वाढणार, हे आम्हांस मान्य आहे. पण तो वाढणार आहे तो कामगारांच्या पगारामुळे नव्हे, उशिरामुळे. आणि वाढ धरूनही प्रश्न उरतोच की, पावणेसतरा किलोमीटर मोटारींसाठी जी तिजोरी उघडण्याची तयारी आहे, ती त्याच्या जवळजवळ नऊपट लांबीच्या लोकांच्या रेल्वेसाठी इतकी वर्षे का उघडली गेली नाही?

सरकारची बाजू अशी की बंगळूरची वाहतूक तुंबली आहे आणि काहीतरी केलेच पाहिजे. तुंबली आहे यात शंका नाही. शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. सिल्क बोर्ड चौकात अडकलेल्या माणसाला आकडे सांगण्याची गरजच नाही. परंतु 'काहीतरी' म्हणजे काय, याचा हिशेब रेल्वे कामगाराला बोटांवर करता येतो. एका लेनमधून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. एका दिशेला तीन लेन धरल्या तर सहा हजार मोटारी झाल्या. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. तासाला नऊ हजार माणसे झाली. मुंबईची बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी किती माणसे वाहते, हे आमच्या मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. तीन-चार गाड्यांत हा सगळा बोगदा रिकामा होतो! आणि त्या तीन-चार गाड्यांना टोल लागत नाही. बोगद्यात किलोमीटरमागे सुमारे १९ रुपये टोल आकारण्याचा हिशेब वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला आहे. दुचाकीला आत प्रवेश नाही, असेही सांगण्यात आले आहे. म्हणजे दुचाकीवर टपालाची थैली घेऊन बीटवर निघालेला पोस्टमन, कारखान्याच्या पाळीला जाणारा फिटर आणि रात्रपाळी संपवून घरी परतणारा पॉइंट्समन यांनी वरच्याच रस्त्यावर धूर खात उभे राहायचे. खालचा रस्ता ज्यांच्यासाठी आहे ते कोण, हे टोलचा दरच सांगतो.

धुराचा मुद्दा निघालाच आहे, तर बंगळूर महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या समारंभाने जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्याची आठवण करून द्यायला हवी. २०५० पर्यंत शहराचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे, असे त्यात ठरले आहे. तो आराखडा करणाऱ्याच नगर प्रशासनाच्या छायेत बोगद्याची निविदा निघाली. बोगद्याला लागणारे सिमेंट आणि पोलाद, त्यातून काढलेल्या दगडमातीच्या हजारो ट्रक फेऱ्या, आणि एकदा बांधल्यावर रात्रंदिवस चालणारे पंखे, दिवे, पंप यांचा जमाखर्च त्या आराखड्याच्या कोणत्या पानावर मांडणार? लालबागेच्या परिसरात बोगद्याच्या कामासाठी जागा घेण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा २०२५ च्या उत्तरार्धात सामान्य नागरिक बागेत जमून निषेध करू लागले. लालबागेचा तो प्राचीन खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. सुमारे तीनशे कोटी वर्षे तो जागचा हललेला नाही. एका निविदेने त्याला हादरे द्यायचे, ही कल्पनाच लोकांना सहन झाली नाही.

बंगळूरचे लोक असे पूर्वीही उभे राहिले आहेत. २०१६ साली बसवेश्वर चौक ते हेब्बाळ पोलादी उड्डाणपुलाचा घाट घातला गेला. आठशेहून अधिक झाडे जाणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी मानवी साखळी केली आणि मार्च २०१७ मध्ये सरकारला तो पूल रद्द करावा लागला. त्याच नागरिकांची पुढची मागणी काय होती? 'चुकु बुकु बेकु', म्हणजे आम्हांला आगगाडी हवी! नको म्हणून थांबलेले लोक नव्हेत हे. त्यांनी काय हवे तेही सांगितले होते. उपनगरी रेल्वेची पहिली सूचना दक्षिण रेल्वेकडून १९८३ मध्येच आली होती, हेही लक्षात ठेवावे.

मग काम अडले कोठे? के-राइड ही केंद्र आणि राज्य यांची संयुक्त कंपनी. खर्चाचा वीस टक्के भार केंद्राचा, वीस टक्के राज्याचा आणि उरलेले साठ टक्के कर्ज. जमीन वेळेवर ताब्यात आली नाही. ज्याला रुळाची जाण आहे असा पूर्णवेळ प्रमुख कंपनीला दीर्घकाळ मिळाला नाही. २०२५ मध्ये मोठे कंत्राट मोडले आणि उरलेल्या कामाच्या निविदा पुन्हा काढण्याची वेळ आली. या सर्व काळात दिल्लीने बंगळूरकडे आणि बंगळूरने दिल्लीकडे बोट दाखवले. केंद्रात एका पक्षाचे सरकार आणि मे २०२३ पासून राज्यात दुसऱ्या पक्षाचे, म्हणून हा खेळ रंगला एवढेच. त्याआधी काही काळ दोन्हीकडे एकच पक्ष होता, तेव्हाही रूळ पडले नाहीत. आज बोगद्याविरुद्ध जे विरोधी पक्षाचे पुढारी आवाज उठवतात, त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण रेल्वे मंत्रालय त्यांच्याच पक्षाकडे असताना उपनगरी रेल्वेच्या उशिराबद्दल त्यांचा आवाज इतका खाली का येतो, हे त्यांना विचारणे आमचे कर्तव्य आहे.

काम होऊ शकत नाही असे मात्र कोणी सांगू नये. मराठी माणसाला कोकण रेल्वे माहीत आहे. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. रोह्यापासून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदाहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, खाली खाड्या आणि वर कोसळणाऱ्या दरडी. तेही कर्जरोखे काढूनच बांधले. त्या महामंडळात केंद्राचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी सहा टक्के भांडवल होते. म्हणजे चार राज्यांची चार सरकारे आणि दिल्ली, असे पाच भागीदार! बंगळुरात भागीदार दोनच आहेत, जमीन बरीचशी रेल्वेच्याच मालकीची आहे आणि सह्याद्री आडवा नाही. कोकण रेल्वेच्या कामात प्राण गमावलेल्या कामगारांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही, आणि घाईपायी सुरक्षा सोडा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. मुद्दा इच्छाशक्तीचा आहे, आणि रेल्वे बांधणाऱ्याच्या हाती अधिकार असण्याचा आहे.

जमिनीचीच एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. बंगळूर कॅन्टोन्मेंट स्थानकाजवळच्या रेल्वे वसाहतीची सुमारे साडेआठ एकर जागा व्यापारी विकासाला देण्याचा घाट रेल्वे प्रशासनाने घातला. तेथील ३६८ झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि अखेर राज्य सरकारला ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून राखण्याच्या दिशेने पाऊल टाकावे लागले. एकीकडे उपनगरी रेल्वेला जागा मिळत नाही म्हणून रडायचे आणि दुसरीकडे कर्मचाऱ्यांच्या वसाहतीची, पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या झाडांची जागा मॉल-कार्यालयांच्या पदरात घालायची! या वसाहतींत आमच्या किती सभासदांचे संसार झाले, किती मुले त्या झाडांखाली खेळून रेल्वेतच कामाला लागली. ज्या जागेला प्रशासन मोकळी जमीन समजते, तिला आम्ही क्वार्टर म्हणतो.

आता विजेकडे वळू. रेल्वेच्या ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे आणि २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे रेल्वेने जाहीर केले आहे. विद्युतीकरणाला आमचा विरोध नाही, कधीच नव्हता. डिझेलचा धूर सर्वांत आधी आमच्याच छातीत गेला. कृष्णराजपुरमच्या डिझेल शेडमधील कारागिरांनी विजेची इंजिने सांभाळण्याचे काम शिकून घेतले आणि करून दाखवले. बदलाला कामगार घाबरतो हा आरोप तेथे जाऊन करावा. पण तारेतली वीज येते कोठून? बिहारमधील नबीनगर येथे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ आणि रेल्वे यांच्या भागीदारीतला एक हजार मेगावॅटचा प्रकल्प आहे. तो प्रामुख्याने रेल्वेसाठीच उभारला गेला आणि तो कोळशावर चालतो. २०२२ च्या उन्हाळ्यात वीज केंद्रांना कोळसा पोचवण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द करण्यात आल्या. गाडी चालवायला वीज, विजेला कोळसा, आणि कोळसा वाहायला गाडी बंद. असा हा वर्तुळाकार कारभार आहे. इंजिनातून निघणारा धूर नबीनगरच्या चिमणीतून निघाला तर कागदावर रेल्वे स्वच्छ होते, हवा होत नाही.

आमच्या मते खरी बचत इंजिन बदलण्यापेक्षा रस्त्यावरचा माल आणि माणूस रुळावर आणण्यात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातील मालवाहतुकीचा फार मोठा हिस्सा, दहात आठांहून अधिक, रेल्वे वाहत असे. आज तो जेमतेम सत्तावीस टक्के आहे. सरकारच्याच राष्ट्रीय रेल्वे योजनेत तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट उत्तम आहे! पण माल उतरवायला, गाडी जोडायला, रूळ तपासायला माणसे लागतात की नाही? जून २०२३ मध्ये माहितीच्या अधिकारात रेल्वेनेच दिलेल्या उत्तरानुसार 'क' गटातील पावणेतीन लाखांच्या आसपास जागा रिकाम्या होत्या, आणि त्यांतल्या दीड लाखाहून अधिक सुरक्षेशी संबंधित होत्या. उन्हाळ्यात रूळ तापून वाकतात म्हणून गस्त वाढवावी लागते. उन्हाळे अधिक कडक होत चालले आहेत आणि गस्त घालणारा ट्रॅकमन कमी होत चालला आहे. हवामान बदल म्हणजे काय, हे परिषदांमध्ये भाषणे करणाऱ्यांनी भर दुपारी दोन वाजता किल्लीवाल्याबरोबर चार किलोमीटर चालून समजून घ्यावे.

टपाल खात्यातही चित्र वेगळे नाही. बंगळूरच्या केंब्रिज लेआउटमध्ये त्रिमितीय छपाईच्या यंत्राने बांधलेले पोस्ट ऑफिस ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. दीड महिन्याच्या आत भिंती उभ्या राहिल्या म्हणून देशभर कौतुक झाले, आणि तंत्रज्ञांची करामत कौतुकास्पद आहेच. पण पोस्ट ऑफिस छापता येते, पोस्टमन छापता येत नाही. एका बीटवर दोन बीटांचा भार, ग्रामीण डाक सेवकाला आयुष्यभर 'खात्याबाहेरचा' म्हणून वागवणे, हे कोणत्या यंत्राने दुरुस्त होणार? २८ एप्रिल २०२४ रोजी, एकेकाळी थंड हवेसाठी निवृत्तांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या बंगळुरात पारा ३८.५ अंशांवर गेला. त्याच उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका आटल्या आणि टँकरच्या रांगा लागल्या. पत्र, पार्सल, पेन्शन घरोघर नेणाऱ्या माणसासाठी त्या दिवसांत कामाची वेळ बदलली का, बीटवर पिण्याच्या पाण्याची सोय झाली का? तापमानाचा इशारा वर्तमानपत्रात छापून येतो, ड्यूटी चार्टवर येत नाही.

शहराच्या बसगाड्यांत हेच 'हरित' धोरण आणखी एक रंग दाखवते. बंगळूर महानगर परिवहन महामंडळाच्या ताफ्यात विजेच्या बसगाड्या येत आहेत, स्वागतच आहे. पण त्या बहुतांशी कंत्राटाने, किलोमीटरमागे दर ठरवून येतात. कंडक्टर महामंडळाचा, ड्रायव्हर कंपनीचा. एकाच गाडीत दोन मालकांचे दोन कामगार, दोन पगार, दोन प्रकारची रजा. मुंबईच्या बेस्टमध्ये हा प्रयोग आधीच झाला आणि स्वतःचा ताफा आटत गेला, हे आपण पाहिले आहे. बॅटरीवर चालणारी बस आली की नोकरी कायम नसलीच पाहिजे, असा कोणता शास्त्रीय नियम आहे? कर्नाटकातील परिवहन कामगारांना ३८ महिन्यांच्या थकबाकीसाठी ५ ऑगस्ट २०२५ रोजी संपावर जावे लागले, तेव्हा तिजोरीत पैसा नाही असे ऐकवण्यात आले. बोगद्याचा विषय निघाला की पैशाची ती अडचण कोठे जाते कोण जाणे. मेट्रोचेही तेच. ९ फेब्रुवारी २०२५ पासून तिचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपये झाले, काही टप्प्यांचे जवळजवळ दुप्पट झाले. ओरड झाल्यावर वाढ ७१ टक्क्यांवर थोपवली. प्रवासी घटले ही बातमीही आली. ज्या वाहनाने धूर कमी होतो त्याचे तिकीट वाढवायचे आणि ज्याने वाढतो त्याला नवा रस्ता द्यायचा, याला आम्ही तरी हवामान धोरण म्हणू शकत नाही.

मुंबईच्या वाचकांनी हे बंगळूरचे दुखणे म्हणून बाजूला ठेवू नये. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा सुमारे चौदा हजार कोटींचा, मोटारींसाठी. ठाणे-बोरिवली जोड बोगदा, तोही मोटारींसाठी. आणि ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारात लटकणारी माणसे पडून मेली. दोन्ही शहरांत जो नकाशा आखला जातो, त्यावर एकाच वर्गाची बोटे फिरतात.

काहीजण म्हणतील की बोगद्याच्या कामावरही कामगारच राबणार, त्यांच्या पोटावर पाय का देता? तो प्रश्न रास्त आहे. ओडिशा, बिहार, झारखंडातून येणाऱ्या त्या बांधवांना काम हवेच. पण रूळ टाकायला, स्थानके बांधायला, फाटकांच्या जागी पूल घालायलाही तेच हात लागतात. शिवाय बोगदा बांधून झाला की तेथे उरतो टोलनाका. रेल्वे बांधून झाली की मोटरमन, गार्ड, स्टेशन मास्तर, सिग्नल कर्मचारी, सफाई कामगार अशी पिढ्यांची नोकरी उभी राहते. निदान उभी राहिली पाहिजे. के-राइडच्या गाड्या चालवायला माणसे कायम भरतीने घेणार की ठेकेदाराकडून, हा प्रश्न आजच विचारला नाही तर पहिली गाडी सुटेल तेव्हा उत्तर ठरून गेलेले असेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू करण्यात आल्या, त्यानंतर तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

आणि नव्या मार्गांची वाट पाहत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. आहेत त्या रुळांवर बंगळूरच्या आसपास मेमू गाड्या आज धावतात, पण कामगारांच्या पाळ्यांना जुळतील अशा वेळी आणि पुरेशा संख्येने धावत नाहीत. जून २०२२ मध्ये बैयप्पनहळ्ळीचे विश्वेश्वरय्या टर्मिनल सुरू झाल्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांचा भार काही प्रमाणात तिकडे हलला. विमानतळाजवळच्या हॉल्ट स्थानकाचा वापर जानेवारी २०२१ पासून सुरू झाला, तोही मोजक्या गाड्यांपुरता. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर-बेळगाव वंदे भारत सुरू झाली, बेळगावकडच्या आमच्या वाचकांना तिचा आनंद झाला असेल. पण व्हाईटफील्डला पाळीवर जाणाऱ्याला सकाळी साडेसहाची साधी मेमू अधिक मोलाची आहे.

म्हणून बंगळूर विभागातील आमच्या शाखांना आमची सूचना आहे की, पुढच्या पी.एन.एम. बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी लेखी घालाव्यात: सध्याच्या रुळांवर गर्दीच्या वेळी किती वाढीव मेमू, त्यासाठी किती मोटरमन, गार्ड आणि देखभाल कर्मचारी, आणि कोणत्या तारखेपासून. टपाल संघटनांनी उन्हाळ्यापूर्वीच बीटच्या वेळा व पाण्याची सोय यांबाबत परिमंडळ कार्यालयाला पत्र द्यावे. परिवहन कामगारांच्या संघटनांनाही बरोबर घ्यावे. उत्तरे लेखीच घ्यावीत. चाळीस महिन्यांचे तोंडी आश्वासन कसे असते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रशासनाकडून आलेली उत्तरे शाखांनी आमच्याकडे पाठवावीत. ती याच पानांवर शब्दशः छापली जातील.